दाब, धर, सोड

माझे वडील सैन्यात नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की ते सुभेदार-मेजर वगैरे होते. तरुणपणी ते एकदा भरतीच्या रांगेत उभे राहिले, छाती इंचभर कमी भरली आणि त्यांना शर्ट घालून घरी जायला सांगण्यात आलं, एवढीच त्यांची लष्करी कारकीर्द. लष्करानं बाबांना घेतलं नाही, म्हणून चाळिशी उलटल्यावर बाबांनी लष्करातलं जे मिळालं ते घेतलं. लिलावात.

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं, मी नववीत होते. एका रविवारी सकाळी ट्रक फाटकाशी थांबला, मागे फळ्या लावल्या गेल्या आणि चार माणसांनी "हळू, हळू" करत एक गंजलेली वस्तू कंपाउंडात उतरवली. तळमजल्यावरच्या काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कुणाची पाण्याची टाकी काढली का हो?"

"महायुद्धातली जीप आहे, वहिनी," बाबा म्हणाले.

"असेल. पण ठेवणार कुठे?"

ठेवली आमच्याच खिडकीखाली, तगरीच्या झाडाशेजारी. तिला सीट नव्हत्या, टप नव्हता. चाकं चार होती, पण चारांची एकमेकांशी ओळख नसावी. फ्लोअर इतका सडला होता की आत बसलं की पायाखाली गवत दिसायचं. बाबांचं म्हणणं, ही ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन आलेली गाडी. कशावरून? तर चासीच्या खोबणीत लाल माती सापडली. लाल माती आपल्या कणकवलीलाही ढिगानं पडलेली असते, असं मी म्हटलं, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. आठवडाभर मालकाची यंत्रं दुरुस्त करायची आणि रविवारी आराम म्हणून स्वतःचं यंत्र दुरुस्त करायचं, ही त्यांची आरामाची कल्पना. बरं, ते एकटेच असते तर आम्ही नशीब म्हणून गप्प बसलो असतो. पण मुंबईत असे आणखी नमुने होते आणि ते एकमेकांना बरोब्बर शोधून काढत. घाटकोपरच्या एकाकडे युद्धातली मोटारसायकल होती, जी सुरू होत नसे. अंधेरीच्या एकाकडे लष्करी ट्रेलर होता, आणि तो ओढायला काहीच नव्हतं. हे दोघे महिन्यातून एकदा आमच्याकडे येत, चहावर चहा पीत आणि एका बोल्टचं डोकं चौकोनी असायला हवं की सहाकोनी, यावर तावातावानं भांडत. चहा मी करायची. एकदा मी म्हटलं, "काका, बोल्ट बसला म्हणजे झालं ना?" तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाला शिवी दिली होती.

घरात तेव्हा गॅस नव्हता. नंबर लावलेला होता, तो लागायचा तेव्हा लागेल. तोवर स्टोव्ह, आणि रेशनच्या रॉकेलच्या रांगेत उभी मी. त्यातलं निम्मं रॉकेल गिअरबॉक्स प्यायची. एका दिवाळीला आई परात शोधत शोधत खाली आली, तर परात जीपशेजारी, आणि तिच्यात रॉकेलात बुडवलेले गिअर.

"पोरीच्या अभ्यंगस्नानाला पाणी तापवायला रॉकेल नाही," आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि ह्यांच्या गिअरांना आंघोळी चालल्यात! उटणं देऊ का?"

"नको," बाबा म्हणाले. ते खरंच विचारात पडले होते.

आईनं त्याच दिवशी जाहीर केलं की ह्या डबड्याला तिचा पाय कधी लागणार नाही. आई बोलली की बोलली. त्यामुळे जे काही पायाचं काम होतं ते माझ्याकडे आलं.

म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल नुसतं आत जातं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक वर सीटवर आणि एक खाली चाकाशी. खालचा म्हणतो, "दाब." वरच्यानं पेडल दाबायचं आणि "दाबलं" असं सांगायचं. मग "धर." पाय तस्साच ठेवायचा. खाली स्क्रू सैल होतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत उतरतात आणि पेडल पायाखालून हळूहळू जमिनीला टेकतं. स्क्रू परत आवळला की "सोड." ह्या "सोड"च्या आधी पाय उचललात तर हवा पुन्हा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

नववीपासून बी.कॉम. होईपर्यंत माझे रविवार त्या पेडलवर गेले. मैत्रिणी नटूनथटून बाहेर पडायच्या, जाताना कंपाउंडात माझ्याकडे बघून हात हलवायच्या. मी दाब, धर, सोड. नळ्या जुन्या, वॉशर कुर्ल्याच्या भंगारातले, त्यामुळे एक गळती बंद झाली की दुसरी सुरू. एकदा डास चावला म्हणून मी पाय उचलला, तर खालून अशी गर्जना आली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली.

"पाय आहे की काय आहे तुझा? लक्ष कुठंय?"

बाबा दुसऱ्या कुणावर आवाज चढवत नसत. आईवर नाही, कारखान्यातल्या पोरांवर नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीवर तर नाहीच नाही. तो मान एकट्या माझा.

कधीतरी जीप सुरू झाली. पहिला धूर सगळ्या पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसला. बाबा पन्नाशीला टेकताना गाडी चालवायला शिकले, लायसन्स काढलं, आणि मग तिला पासिंगला नेलं. तिथल्या साहेबानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "लष्करी हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. रंग बदला आणि या." तो हिरवा नेमका जमवायला बाबांनी रंगाचे किती डबे फुकट घालवले होते, ते मला ठाऊक होतं. घरी आले ते सुतक लागल्यासारखे. जेवले नाहीत.

"कुठला द्यायचा मग?" मी विचारलं.

"आकाशी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिनं ह्या विषयात तोंड घातलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिला म्हणे आकाशी आवडतो. एवढंच कारण.

झालं. शत्रूवर चाल करून जायला बांधलेली गाडी बालवाडीतल्या कपाटाच्या रंगाची झाली. घाटकोपर आणि अंधेरी बघायला आले आणि चहा न पिता गेले. बॉनेटच्या आतल्या बाजूला मात्र बाबांनी ताटलीएवढा हिरवा तसाच ठेवला. ते फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

मग माझं लग्न काढलं.

भांडुपची मंडळी बघायला आली. मुलगा औषधांच्या एका कंपनीत सुपरवायझर. सोबत त्याची आई, धाकटी बहीण आणि मामा. मामा म्हणजे सगळ्यातलं सगळं कळणारी व्यक्ती. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तर खुर्चीत मुलगाच नाही. येताना त्याला खाली जीप दिसली होती आणि "एक मिनिट हां" म्हणून तो गेला होता. मी खिडकीतून बघितलं. जीपखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आलेल्या. एक बाबांची. दुसरी, जिच्याबरोबर सप्तपदी चालायची की नाही हे मला ठरवायचं होतं, ती.

पोहे गार झाले. तो वर आला तेव्हा पांढऱ्या शर्टावर ग्रीस होतं. मामा म्हणाले, "अरे, मुलीला काही विचारायचं असेल तर विचार." त्यानं जरा विचार केला आणि मला विचारलं, "बॅटरी सहा व्होल्टचीच ठेवलीय ना?"

"सहाच," मी म्हटलं.

जमलं लग्न.

पाहुणे गेल्यावर आईनं विषय काढला. "पोरगी जाणार. मग त्या पेडलवर कोण बसणार? मी नाही, आत्ताच सांगते. आणि ब्रेक लागत नसलेल्या गाडीत तुम्हाला मी हिंडू देणार नाही. विधवा व्हायची मला हौस नाही. लग्न झालं की द्या ती भंगारवाल्याला."

आई चुकीचं बोलत असती तर बरं झालं असतं. बाबा बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. खायची नव्हती, तरी कातरत होते. मग म्हणाले, "देतो. पण एकदा पोरीला त्यातून सासरी पोचवू दे."

"मी नाही बसणार त्या डबड्यात!" मी किंचाळले. "माझ्या लग्नात पांढरी अँबेसडर पाहिजे. फुलांची. सगळ्यांच्या असते तशी!"

बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर मी भांडले असते. ओरडलेच नाहीत, मग काय करता?

कुर्ल्याच्या भंगारवाल्याला लग्नानंतरचा मंगळवार सांगितला गेला. लग्नाच्या आधीच्या रविवारी आम्ही ब्रेकची हवा शेवटची काढली. चारही चाकं झाली, शेवटचं "सोड" झालं, मी पाय उचलला. एरवी बाबा लगेच बाहेर यायचे. त्या दिवशी खालीच पडून राहिले. मी पण हाक मारली नाही.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागलं. आत्या सकाळपासून बोलत होती, "बाप ड्रायव्हर होऊन पोरीला पोचवतो, असं कुठं बघितलंय? लोक हसतील." लोक काय, मीच हसले असते, दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर. मग मामांनी गाडी सजवायला घेतली. झेंडू आणि निशिगंधाची सतरंजीएवढी जाड चादर घेऊन ते जीपच्या तोंडाशी उभे राहिले.

बाबा म्हणाले, "पुढच्या जाळीवर नको हां. तिथून हवा जाते. नाहीतर पाणी तापेल."

"व्याही, लग्नाची गाडी ती," मामा म्हणाले. "बोडकी कशी न्यायची?"

वरपक्षाचा मामा बोलला की मुलीच्या बापानं दुसऱ्यांदा बोलायचं नसतं, मग इंजिन उकळून फुटेना का. फुलं चढली, सुतळीनं आवळली गेली, आणि गाठी मामांनी जातीनं मारल्या. पक्क्या.

पाठवणीला सगळे रडले. आई रडली, आत्या स्वतःच्या आणि आणखी दोघींच्या वाटचं रडली. बाबा रडले नाहीत. ते चोक ओढून इंजिन ऐकत होते. ह्या गाडीला स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी त्यांच्या उजवीकडे बसले. मागे नवरा आणि त्याची बहीण. ती करवली, मांडीवर करा घेऊन बसलेली. कऱ्यात पाणी, वर आंब्याची पानं, त्यावर नारळ. नवरा नावाला मागे होता. त्याची मान माझ्या आणि बाबांच्या मधोमध.

मामांच्या हुकमानं पुढे बँड. म्हणजे बँडवाले चालणार, त्यांच्यापुढे पोरं नाचणार आणि आम्ही त्यांच्या मागे पहिल्या गिअरात रांगणार. नाहूर जवळ आलं आणि मी पाण्याच्या उष्णतेचा काटा बघितला, चढत होता.

"बाबा, काटा."

"दिसतोय."

"थांबवा."

"वरात मधे थांबवत नाहीत गं," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"ती थांबवेल आपल्याला," मी म्हटलं. तेवढ्यात फुलांच्या मागून फुस्स करून वाफ निघाली. बँडवाल्यांना वाटलं काहीतरी आतषबाजी आहे. त्यांनी जोर वाढवला.

बाबा उतरले. मामा धावत आले आणि म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, जुनी गाडी नको!" मला त्यांचा गळा धरावासा वाटला, हातातल्या हिरव्या चुड्यासकट. एवढ्या वऱ्हाडापुढे बाबा मान खाली घालून उभे होते. वर्षानुवर्षं जिच्यासाठी रविवार जाळले, ती त्यांच्या एकुलत्या एका दिवशी नवरीला घेऊन रस्त्यात बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला ती गाडी चालायला हवी होती.

"जाळीवरची फुलं काढा आधी!" मी सीटवरूनच ओरडले. नव्या नवरीनं ओरडायचं नसतं, पण सुतळी काय लाजून सुटणार होती? नवऱ्यानं मुंडावळ्या कानामागे टाकल्या, कुणाचा तरी चाकू घेतला आणि मामांच्या पक्क्या गाठी कापून काढल्या. बाबांनी बॉनेट उघडलं. आतला हिरवा दिसला. त्यांनी फडक्यानं रेडिएटरचं झाकण जरा जरा करत सैल केलं, वाफ जाऊ दिली. मग म्हणाले, "पाणी पाहिजे."

आजूबाजूला कारखान्यांच्या भिंती, फाटकं बंद. टपरीवर सोडा होता. मी मागे वळले आणि नणंदेच्या मांडीवरच्या कऱ्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि करा घट्ट धरला.

"अगं नाही हां!" मामा ओरडले. "शकुनाचं पाणी ते! अपशकुन होईल!"

मागच्या टॅक्सीतून सासूबाई उतरून आल्या. तोवर त्या माझ्याशी चार शब्दांच्या वर बोलल्या नव्हत्या. त्यांनी वाफ बघितली, बाबांचा चेहरा बघितला, मग आपल्या मुलीला मालवणीत म्हणाल्या, "गे, पाणीच ता! दी तेंका. चेडवाक काय रस्त्यार रात काढूक लावतंस?"

चेडू म्हणजे पोर, म्हणजे मी. त्या दिवशी मी सासूबाईंना मनातल्या मनात नमस्कार घातला, तो अजून चालू आहे.

बाबांनी नारळ उतरवून नणंदेच्या हातात दिला, पानं बाजूला काढली. मग नव्याकोऱ्या उपरण्याचं टोक रेडिएटरच्या तोंडावर धरून पाणी गाळून ओतायला लागले. हळूहळू, इंजिन चालू ठेवून, गार पाण्यानं गरम लोखंडाला तडा जाऊ नये म्हणून. उपरण्यावर सुपारी, एक नाणं आणि ओलं हळदकुंकू राहिलं. ते त्यांनी तसंच गुंडाळून खिशात घातलं. बँडवाल्यांना गप्प केलं गेलं, पोरांना टॅक्सीत कोंबलं आणि आम्ही दुसऱ्या, तिसऱ्या गिअरात निघालो. वारा लागला, काटा खाली आला. नवरा मागून म्हणाला, "ऑइल प्रेशर चांगलं आहे." मी त्याच्याशी लग्न केलंय हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

सासर भांडुपच्या चढावर. गल्लीच्या तोंडाशी चांगलाच तिरका रस्ता, आणि मधे एक म्हैस. बाबांनी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली, एक बोटभर मागे सरकली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेडलकडे मान करून म्हणाले, "बघ. धरलं."

एवढंच बोलले. मी माप ओलांडेपर्यंत ते गल्लीत उभे होते. मग गाडी वळवली आणि उतारानं निघाले. वळणावर मागचा लाल दिवा लागला, म्हणजे त्यांचा पाय पेडलवर होता. मग तो गेला. आतून बायका "नाव घे, नाव घे" म्हणत होत्या आणि मी ढसाढसा रडत होते. सगळ्यांना वाटलं, पोर आईसाठी रडतेय.

मंगळवार आला आणि गेला. मांडवपरतणीला मी माहेरी निघाले, तेव्हा तगरीखालची मोकळी जागा बघायची मनाची तयारी करून निघाले होते. गवत पिवळं पडलेलं असेल, तेलाचे डाग असतील, बास.

जीप होती. आकाशी, जागच्या जागी. मागचं चाक काढलेलं, खालून बाबांचे पाय बाहेर आलेले. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, साडी गुडघ्याशी खोचून, चपला खाली काढून ठेवून, आई.

"दाब," खालून आवाज.

"दाबलं."

"धर." जरा वेळ गेला. "अगं, उचललास का पाय?"

"मुंगी चावली."

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले. "परत करू."

असू दे! मला उभ्या जन्मात कधी म्हणाले होते "असू दे"? मला इतका राग आला की तिथंच परत भांडुपची वाट धरावीशी वाटली. माझी जागा गेली होती. ज्या जागेला मी इतकी वर्षं नावं ठेवली, ती मला न विचारता दुसऱ्या कुणाला दिली होती, आणि तिला ते जमतही नव्हतं.

आईनं मला बघितलं. ओठांवर बोट ठेवून खाली उतरली.

"भंगारवाला?" मी कुजबुजले.

"आला होता. जुना स्टोव्ह दिला त्याला, आणि तुझी सायकल." मग पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "अगं, तू गेल्यापासून नुसते इथं येऊन बसायचे. पान्याला हात लावायचे नाहीत. तुझ्या सीटवर बसायचे, बास. मला नाही बघवलं."

तिनं मला सीटकडे ढकललं. मी पैठणी वर धरून चढले, पायातलं काढलं.

"दाब," खालून आवाज आला.

मी दाबलं.

"दाबलं," आई बाहेर उभी राहून म्हणाली.

"धर."

मी धरलं. पेडल पायाखालून हळूहळू, एकसारखं खाली गेलं आणि टेकलं. स्क्रू आवळल्याचं पायाला कळलं. आता "सोड" यायला हवं होतं. आलं नाही. खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कधी आलीस?" बाबांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "सोड म्हणा आधी. पाय दुखतोय."

"दुखू दे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "धरून ठेव जरा."